चित्राला कंस नसतो : युद्धपट, संगणक आणि इतिहासाचा पुरावा

१/ गेल्या सत्रातील गोष्ट. पहिल्या महायुद्धावरील चर्चासत्रात मी एक रंगीत चित्रफीत दाखवली. खंदकातले ब्रिटिश सैनिक, हातात चहाचे मग, चेहऱ्यावर संकोचलेले हसू, पायाखाली तपकिरी चिखल. वर्ग स्तब्ध झाला. दिवे लागल्यावर आमच्या मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला : “यातला पुरावा कोणता आणि भर कोणती?” मला उत्तर देता आले नाही.

२/ हा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर. युद्धपट घडवणारी सॉफ्टवेअर नेमके काय करतात हे समजून घेतल्याशिवाय पडद्यावरचे युद्ध इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाचता येत नाही, असे माझे मत झाले आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/ सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेपासून करू. जुन्या मोडी पत्रांचे साक्षेपी संपादन कसे होते? कागद फाटला असेल, कसरीने खाल्ला असेल, तर संपादक त्या जागी टिंबे देतो. संदर्भावरून एखादा शब्द सुचला, तर तो कंसात घालतो. वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळते की, एवढे पत्रलेखकाचे आणि एवढे संपादकाचे.

४/ हा कंस दिसायला क्षुल्लक. परंतु इतिहासलेखनाचा सारा प्रामाणिकपणा त्यात सामावलेला आहे. चित्रपटाला तो उपलब्ध नाही. पडद्यावर प्रत्येक बिंदू भरावाच लागतो, आणि भरलेला बिंदू मूळच्या बिंदूइतकाच ठामपणे चमकतो. पुढचे सारे विवेचन या एका अडचणीभोवती फिरते.

५/ प्रथम एक गैरसमज दूर करू. रिकामी जागा भरण्याची खोड संगणकाने लावलेली नाही. ऑगस्ट १९१६ मध्ये लंडनला ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. फ्रान्समधील लढाई अद्याप चालू होती. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोन छायाचित्रकारांनी तो आघाडीवर चित्रित केला होता. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटे विकली गेली, असा अंदाज आहे.

६/ सोमच्या लढाईचा पहिला दिवस १ जुलै १९१६. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक कामी आले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. त्यांपैकी मृत १९,२४०. त्या सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी हॉथॉर्न रिजखालचा सुरुंग उडाला, तो मॅलिन्सने टिपला. मातीचा तो प्रचंड उद्रेक अस्सल आहे.

७/ परंतु त्याच चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग, सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यांतले काही तिथेच कोसळतात, तो रचलेला आहे. आघाडीच्या मागे, बहुधा प्रशिक्षणाच्या जागी, तो चित्रित झाला, असे अभ्यासक मानतात. सैनिकांच्या अंगावर लढाईचे पुरेसे सामान नाही. कॅमेरा अशा उघड्या जागी आहे की, प्रत्यक्ष गोळीबारात तिथे कोणी क्षणभरही उभे राहिले नसते.

८/ म्हणजे एकाच रिळात अस्सल सुरुंग आणि रचलेला हल्ला शेजारी शेजारी नांदतात. प्रेक्षागृहातील आई-बापांना, पत्नींना त्यातला भेद कळण्याचा मार्ग नव्हता. रचलेल्या दृश्यातल्या पडत्या माणसात त्यांनी आपला माणूस शोधला असेल. युनेस्कोने २००५ मध्ये या चित्रपटाला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले, ते योग्यच आहे. मात्र स्मृतिठेवा आणि पुरावा हे शब्द समानार्थी नाहीत.

९/ आता शंभर वर्षे पुढे येऊ. मी वर्गात दाखवलेली चित्रफीत पीटर जॅक्सन यांच्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) या माहितीपटातील होती. युद्धसमाप्तीच्या शताब्दीनिमित्त ‘१४-१८ नाऊ’ हा कलाउपक्रम आणि लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम यांनी तो करवून घेतला. हाताशी होते सुमारे १०० तासांचे मूळ चित्रण आणि सैनिकांच्या मुलाखतींचे सुमारे ६०० तासांचे ध्वनिमुद्रण.

१०/ पहिली अडचण गतीची. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. हात कधी जलद, कधी मंद. त्यामुळे एका सेकंदात कधी १० फ्रेम टिपल्या जात, तर कधी १८. आजच्या चित्रपटाची गती सेकंदाला २४. जुनी रिळे या गतीने चालवली की माणसे तुरुतुरु पळतात. महायुद्धातील सैनिक आपल्याला नकळत विनोदी वाटतात, ते या यांत्रिक विसंगतीमुळे.

११/ उपाय काय? समजा मूळ चित्रणात सेकंदाला १३ फ्रेम आहेत. सेकंदाला २४ हव्यात, तर किमान ११ नव्या घडवाव्या लागतील. सॉफ्टवेअर लागोपाठच्या दोन फ्रेम घेते, पहिलीतला प्रत्येक ठिपका दुसरीत कुठे सरकला याचा माग काढते आणि मधल्या क्षणी तो कुठे असेल याचा हिशोब करून मधले चित्र तयार करते.

१२/ या गणिताचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. त्या एका सेकंदात आपण जी २४ चित्रे पाहतो, त्यांतली निम्म्याच्या आसपास कोणत्याही कॅमेऱ्याने कधी टिपलेली नाहीत. १९१६ साली तो क्षण आला आणि गेला. त्या क्षणी कॅमेऱ्याचे झाकण बंद होते. आज आपण तो पाहतो, तो अनुमानाने.

१३/ आणि मुळात गती १३ होती की १४, हे तरी कशावरून ठरले? रिळावर तशी नोंद नसते. जॅक्सन यांच्या चमूने निरनिराळ्या गती लावून पाहिल्या आणि माणसांची चाल नैसर्गिक वाटली ती मुक्रर केली. अनुमान समंजस आहे. तरी ते अनुमान आहे, आणि त्याचा निकष आपल्या डोळ्यांना काय स्वाभाविक वाटते हा आहे.

१४/ दुसरी अडचण रंगाची. त्या काळची कृष्णधवल फिल्म तांबड्या रंगाबाबत जवळपास आंधळी होती आणि निळ्याबाबत अतिसंवेदनशील. त्यामुळे आकाश पांढरेफटक उमटे आणि तांबडे काळपट. दोन भिन्न रंग एकाच करड्या छटेत उतरू शकत. म्हणजे करड्यावरून मूळ रंग गणिताने परत मिळत नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

१५/ बाहेरून म्हणजे कुठून? गणवेशाची खाकी संग्रहालयात जपलेल्या गणवेशांवरून. बिल्ले, पट्टे, बंदुका प्रत्यक्ष वस्तूंवरून. जॅक्सन स्वतः अशा वस्तूंचे जाणते संग्राहक आहेत. गवताचा आणि मातीचा रंग त्या प्रदेशात जाऊन काढलेल्या आजच्या छायाचित्रांवरून. आणि एखाद्या अनाम सैनिकाच्या डोळ्यांचा रंग? त्याला कोणतेही साधन नाही.

१६/ पाहा, एकाच चित्रात पुराव्याच्या किती पायऱ्या झाल्या. बटणाचा रंग ठाऊक आहे. गवताचा रंग संभाव्य आहे. डोळ्यांचा रंग कल्पित आहे. कागदावर यांतल्या पहिल्याला कंस लागला नसता, दुसऱ्याला लागला असता आणि तिसऱ्याजवळ प्रश्नचिन्ह आले असते. पडद्यावर तिन्ही सारख्याच तेजाने झळकतात.

१७/ हे काम कष्टाचे असते, हेही सांगायला हवे. रंग भरण्यापूर्वी प्रत्येक टोपीची, हाताची, बंदुकीची कड फ्रेममागून फ्रेम आखावी लागते. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. सॉफ्टवेअर मदत करते, पण धूर, केस, काटेरी तार आली की माणसालाच बसावे लागते. जगभरच्या चित्रपटांचे असे काम मोठ्या प्रमाणावर भारतात येते; मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई येथील अनेक तरुणांचा तो रोजगार आहे.

१८/ तिसरी अडचण आवाजाची. ही चित्रणे मूक होती. सैनिक बोलताना दिसतात. ऐकू काही येत नाही. जॅक्सन यांनी ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणारे तज्ज्ञ बसवले. गणवेशावरील खुणांवरून पलटण ओळखली, पलटणीवरून प्रांत ओळखला आणि त्याच प्रांतातील नटांकडून ते शब्द वदवून घेतले. शब्द बऱ्याच अंशी त्या सैनिकाचे. कंठ दुसऱ्याचा.

१९/ निवेदनाचे सूत्र मात्र खऱ्या सैनिकांच्या हाती आहे. त्या मुलाखती बीबीसीने १९६४ च्या ‘द ग्रेट वॉर’ मालिकेसाठी आणि पुढे इम्पीरियल वॉर म्युझियमने ध्वनिमुद्रित केल्या होत्या. बोलणारे तेव्हा वृद्ध झालेले. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण, आणि तीही बहुतेक वेळा पडद्यावर दिसणाऱ्या माणसाची नव्हे. चेहरा एकाचा, आठवण दुसऱ्याची. त्यांचा विवाह संकलनाच्या टेबलावर लागलेला आहे.

२०/ इतके वाचून कोणी म्हणेल की, मग हा माहितीपट त्याज्य आहे. मला तसे मुळीच वाटत नाही. एक प्रसंग पाहा. सैनिक हल्ल्याला निघतात. पुढची हातघाई कॅमेऱ्याने कधी टिपलीच नाही, कारण तिथे कॅमेरा नेणे शक्य नव्हते. साऱ्या सॉफ्टवेअरचे बळ हाताशी असताना जॅक्सन यांनी ती हातघाई संगणकावर उभी केली नाही.

२१/ त्यांनी ‘द वॉर इलस्ट्रेटेड’ या तत्कालीन साप्ताहिकातील रेखाचित्रे पडद्यावर आणली. प्रेक्षकाला तत्काळ उमगते की, हे चित्रण नव्हे, चित्र आहे. माझ्या मते चित्रपटाच्या भाषेतला तो कंसच आहे. चित्राला कंस नसतो हे खरे. पण दिग्दर्शकाने मनावर घेतले, तर तो घालता येतो, हे त्या काही मिनिटांत दिसते.

२२/ आता माहितीपट सोडून कथापटाकडे वळू. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातली लढाई तिथून आलेली असते. १९७० साली सर्गेई बोंदार्चुक यांचा ‘वॉटर्लू’ आला. संगणक नव्हता. सोव्हिएत लष्कराने सुमारे १५,००० पायदळ आणि २,००० घोडेस्वार पुरवले. युक्रेनमधील उझहोरोदजवळच्या शेतांत १८ जून १८१५ चे रणांगण उभे राहिले.

२३/ त्या चित्रीकरणाची एक हकिकत सांगितली जाते. ब्रिटिश पायदळाचे चौकोन फ्रेंच घोडदळाला तोंड देतात, तो प्रसंग. घोडे खोटा हल्ला करीत होते, तलवारी खोट्या होत्या, सैनिक शिस्तीत मुरलेले होते. तरी घोडे अंगावर येताना पाहून चौकोनातील काही जणांचे पाय सुटले आणि रचना विस्कटली. दृश्य पुन्हा घ्यावे लागले.

२४/ दिग्दर्शकासाठी तो व्यत्यय. इतिहासकारासाठी ते सोन्याचे नाणे. दौडत येणाऱ्या घोड्यापुढे उभे राहणे माणसाच्या शरीराला किती अवघड जाते, हे कोणत्याही दस्तऐवजापेक्षा त्या फसलेल्या दृश्यात अधिक कळते. वॉटर्लूला हे चौकोन टिकले. ते टिकणे म्हणजे काय होते, याचे मोल त्या पळालेल्यांमुळे समजते.

२५/ आता याच्या शेजारी दुसरी हकिकत ठेवू. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लढायांसाठी स्टीफन रेगेलस यांनी न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे मॅसिव्ह नावाचे सॉफ्टवेअर घडवले. दिग्दर्शक पुन्हा जॅक्सनच. कथा काल्पनिक होती. पण हे तंत्र आणि त्याची भावंडे पुढे ऐतिहासिक युद्धपटांच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये सर्रास वावरू लागली. आज हूदिनीसारख्या सॉफ्टवेअरमध्येही जमाव घडवण्याची सोय असते.

२६/ मॅसिव्हचे वेगळेपण असे : दहा हजार सैनिकांना हालचाल शिकवावी लागत नाही. एकाला ‘मेंदू’ द्यायचा. तो भोवताल पाहतो, ऐकतो, जमिनीचा चढ-उतार जाणतो, आणि शत्रू जवळ आला तर कोणती कृती करायची ते नियमांनुसार निवडतो. या कृती खऱ्या माणसांच्या हालचाली नोंदवून आधीच साठवलेल्या असतात. मग त्या एकाच्या हजारो आवृत्त्या, थोड्याफार फरकाने, मैदानात सोडायच्या.

२७/ सुरुवातीच्या एका चाचणीत काही आभासी सैनिक लढाई सोडून दूर धावत सुटले. वार्ता पसरली की, संगणकातले सैनिकही भ्याले. रेगेलस यांचा खुलासा साधा होता. ते भ्याले नव्हते. शत्रू त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हता आणि त्याला शोधायचे कसे हे त्यांना सांगितलेले नव्हते, म्हणून ते समोर दिसेल तिकडे धावत राहिले. दोष दुरुस्त झाला. सारे लढू लागले.

२८/ या दोन हकिकतींतले अंतर मला महत्त्वाचे वाटते. खऱ्या माणसाला खोट्या लढाईतही भीती वाटली. संगणकातल्या माणसाला खऱ्याखुऱ्या लढाईच्या देखाव्यातही भीती वाटत नाही, कोणी मुद्दाम घातल्याशिवाय. भीती हा तिथे पर्याय आहे, स्वभाव नव्हे. आणि दिग्दर्शकाची मागणी बहुधा संख्येची असते, भीतीची क्वचित.

२९/ पण लढाया संख्येने जितक्या ठरतात, तितक्याच फौज मोडण्याने ठरतात. मराठी वाचकाला हे सांगायला नको. १४ जानेवारी १७६१, पानिपत. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तान्तात लिहिले आहे की, दिवसाचा बराच काळ मराठ्यांचा जोर होता आणि दुपारनंतर अल्पावधीत सारे पालटले. विश्वासराव पडल्यावर फौजेचा धीर सुटला.

३०/ ‘धीर सुटणे’ पडद्यावर कसे दाखवणार? मागच्या रांगेला पुढचे दिसत नाही. अफवा पुढे सरकते. एक घोडा वळतो, मग दहा. बुणग्यांची गर्दी वाट अडवते. भूक, थंडी, उन्हाची तिरीप. हे घडवणे सॉफ्टवेअरला अशक्य नाही. मात्र दोन भिंतींसारख्या फौजा एकमेकींवर आदळवणे फार सोपे आहे. म्हणून एकापाठोपाठ एक युद्धपटांत तीच टक्कर दिसते आणि हळूहळू आपल्याला लढाई म्हणजे तीच वाटू लागते.

३१/ रंगाचेही तसेच. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ने (१९९८) ६ जून १९४४ चा नॉर्मंडीचा किनारा फिक्या, राखाडी, थरथरत्या चित्रणात दाखवला. ते कॅमेऱ्याच्या झडपेचा कोन बदलून आणि फिल्मवर रासायनिक प्रक्रिया करून साधलेले होते. पुढे कलर ग्रेडिंगची सॉफ्टवेअर आली आणि तसा रंग काही कळा फिरवून कोणालाही मिळू लागला.

३२/ परिणाम असा की, ‘राखाडी म्हणजे खरे युद्ध’ हे समीकरण रुजले. सोमच्या आघाडीवर जुलैत ऊन होते, गवत होते, रानफुले होती. ती दाखवली, तर आज प्रेक्षकाला खोटी वाटतील. एका दिग्दर्शकाची विचारपूर्वक केलेली निवड पुढच्यांसाठी सवय झाली, आणि सवय पुराव्याच्या जागी जाऊन बसली.

३३/ आतापर्यंत भरलेल्या जागांविषयी बोललो. जी जागा रिकामी आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही, तिचे काय? जॅक्सन यांनी आपला माहितीपट पश्चिम आघाडीवरील ब्रिटिश पायदळापुरता मर्यादित ठेवला. ती त्यांची निवड, आणि तसे त्यांनी सांगितलेही. पण १९१४ च्या शरदात त्याच आघाडीवर भारतीय सैनिक उतरले होते. त्या युद्धात ७४ हजारांहून अधिक भारतीय सैनिक मृत्यू पावले.

३४/ आपल्या अधिक जवळचे सांगायचे, तर सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूत येथे तिला वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जर्जर झालेल्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार लोक तुर्कांचे कैदी झाले. त्यांतले कित्येक वाटचालीत आणि बंदिवासात मेले. सातारा जिल्ह्यातील ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात त्या महायुद्धाचे स्मारक आहे.

३५/ दुसऱ्या महायुद्धातही तेच. १९४० मध्ये रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर-कंपन्या फ्रान्समध्ये होत्या आणि त्यांतील अनेक सैनिक डंकर्कच्या किनाऱ्यावरून परतले. क्रिस्तोफर नोलन यांचा ‘डंकर्क’ (२०१७) आला, तेव्हा ते त्यात दिसत नाहीत, यावर बरीच चर्चा झाली. पडद्यावर जमाव वाढवण्याचे तंत्र हाताशी आहे. कोणाला वाढवायचे, हे तंत्र ठरवत नाही.

३६/ आणि एक विलक्षण उलटापालट. जॅक्सन यांच्या ब्रिटिश सैनिकांचे चेहरे उरले, तेव्हाचे आवाज उरले नाहीत. काही भारतीय सैनिकांच्या बाबतीत आवाज उरले आहेत. बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फ येथे ‘अर्धचंद्र छावणी’ नावाची युद्धकैद्यांची छावणी होती. तिथे जर्मन अभ्यासकांनी भाषाशास्त्राच्या हेतूने भारतीय कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ते बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

३७/ त्यांतले एक ध्वनिमुद्रण डिसेंबर १९१६ चे आहे. मालसिंग नावाचा पंजाबी सैनिक स्वतःविषयी जणू दुसऱ्या कोणाची कथा सांगावी तसा बोलतो; घरची ओढ सांगतो. फिलिप शेफ्नर यांनी २००७ मध्ये या आवाजांवर ‘द हाफमून फाइल्स’ हा माहितीपट केला. अनेकदा आवाज चालू असतो आणि पडदा काळा असतो. चेहरा ठाऊक नाही, म्हणून तो घातलेला नाही. टिंबे तशीच ठेवलेली आहेत.

३८/ जॅक्सन आणि शेफ्नर हे दोन टोकांचे उपाय आहेत. एकाने जागा कसोशीने भरली आणि जिथे आधार संपला तिथे रेखाचित्र ठेवले. दुसऱ्याने जागा रिकामी सोडली. दोघांनीही आपण काय करतो आहोत हे लपवले नाही. संकट यांच्याकडून नाही.

३९/ संकट आहे, ते नाव गळून पडलेल्या चित्रफितीचे. २०२० मध्ये ल्युमिएर बंधूंचे आगगाडीचे जुने चित्रण सेकंदाला ६० फ्रेम आणि फोर-के रूपात समाजमाध्यमांवर पसरले. कृत्रिम बुद्धिमत्तेने ते वाढवलेले होते. वाढवणाऱ्याने तसे सांगितले होते. पुढे पाठवणाऱ्यांतले कितीतरी ते सांगायचे विसरले. आज असे काम घरच्या संगणकावर होते.

४०/ या नव्या साधनांची रीत आणखी वेगळी आहे. अस्पष्ट चेहरा स्पष्ट करताना ती त्या माणसाचा तपशील शोधून काढत नाहीत. तो तपशील फिल्मवर नसतोच. इतर असंख्य चेहरे पाहून शिकलेली साधने तिथे शोभेल असा तपशील बसवतात. म्हणजे १९१६ च्या सैनिकाच्या डोळ्याखाली जी सुरकुती दिसते, ती दुसऱ्याच कोणाकडून आलेली असू शकते.

४१/ म्हणून एक छोटी रीत सुचवतो. अशी चित्रफीत समोर आली की पाच प्रश्न विचारावेत. मूळ चित्रण कोणाचे, कुठले, कोणत्या साली? त्याची मूळ गती आणि रंग काय? भर कोणी घातली? कशाच्या आधारे? आणि या चौकटीत कोण असायला हवे होते, पण दिसत नाही? पहिल्या प्रश्नाचेच उत्तर नसेल, तर ती फीत पुरावा म्हणून वापरू नये. पाहण्यास हरकत नाही.

४२/ मुळे सुरक्षित आहेत, हेही लक्षात असू द्यावे. जॅक्सन यांनी केलेले सारे काम प्रतीवर झाले. इम्पीरियल वॉर म्युझियममधील मूळ रिळे तशीच आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर बरीच जुनी चित्रणे पाहता येतात. रंगीत आवृत्ती पाहिल्यावर एकदा ती धुरकट, थरथरती मूळ फीत जरूर पाहावी. तिचे ओरखडेही वाचता येतात.

४३/ या सत्रात मी तेच सादरीकरण पुन्हा केले. पडद्याच्या डाव्या बाजूला मूळ, उजव्या बाजूला रंगीत. खाली तीन ओळी : ठाऊक, संभाव्य, कल्पित. प्रत्येकीखाली काय काय येते, ते लिहिले. वर्ग या वेळी स्तब्ध झाला नाही. वाद घालू लागला. गवताच्या रंगावर पंधरा मिनिटे गेली. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त तास संपल्यावर त्यांनी ती यादी मागून घेतली.

४४/ धागा इथे संपवतो. आपल्याकडच्या युद्धपटांतील एखादे दृश्य घेऊन ‘ठाऊक, संभाव्य, कल्पित’ अशी यादी कोणी करून पाहिली, तर खाली जरूर लिहावी. मला वाचायला आवडेल. आणि या विवेचनात काही चुकले असल्यास साधनासह सांगावे, दुरुस्ती करीन.